वेंगुर्ल्यापासून माणदेशापर्यंत: प्रवासाचं अत्तर घरी कसं करायचं

प्रवासातून परतल्यावर फोटो असतात, काजूची पाकिटं असतात, पण वास मागेच राहतो. तो थोडा तरी बाटलीत यावा म्हणून मी अत्तर करायला शिकले. ज्यांनी आजवर अत्तराचा एक थेंबही मोजलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. साहित्य फक्त वनस्पतीजन्य वापरायचं: तेलं, अर्क आणि घरी मुरवलेली फुलं. एक अपवाद येईल, मातीच्या अत्तराचा. तो मला टाळवत नाही.

उदाहरणाला माझा आवडता रस्ता घेते. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, आंबोलीचा घाट चढून आजरा, कोल्हापूर, वाटेत जोतिबा, मग कराडवरून माणदेशातली दहिवडी. एवढ्या अंतरात हवा पार पालटते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माणदेशात जेमतेम पाचशे. एका टोकाला माडांखालची ओली सावली, दुसऱ्या टोकाला बाभळी आणि ढेकळं. तुमचा रस्ता वेगळा असेल, पण पद्धत हीच लागू होईल.

आधी रस्त्याची दिशा ठरवा

पहिल्या बाटलीत मी नेमकी इथेच चुकले. आवडलेलं सगळं एकत्र केलं, अकरा तेलं, आणि हाती आला तो आयुर्वेदिक दुकानात शिरल्यावर येतो तसला गढूळ वास. एकही जागा ओळखू येईना.

अत्तर अंगावर एकाच वेळी सगळं बोलत नाही. लिंबूवर्गीय आणि मिरीसारखी हलकी तेलं दहा-वीस मिनिटांत उडतात. फुलं आणि सुगंधी गवतं तास-दोन तास राहतात. वाळा, चंदन, नागरमोथा दुसऱ्या दिवशीही मनगटावर सापडतात. म्हणजे अत्तराला स्वतःचा क्रम आहे आणि तो बाष्पीभवन ठरवतं, आपण नाही. आपल्या हातात एवढंच, की त्या क्रमाशी जुळेल असा प्रवास निवडायचा.

वेंगुर्ले ते माण ही दिशा म्हणूनच सोयीची आहे. सुरुवात बागेतल्या ताज्या, उडत्या वासांनी, मध्ये फुलं आणि दवणा, शेवटी मुळं, लाकूड, माती. हाच प्रवास उलटा, समुद्राशी संपणारा करायचा म्हटलं तर अडचण येते, कारण वनस्पतींकडे समुद्राचा जड, टिकणारा वास जवळजवळ नाही. समुद्री शेवाळाचा अर्क असतो, पण तो महाग आणि माशाच्या टोपलीकडे झुकणारा. उत्तर प्रदेशात, अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कनौजकडे शिंपल्यांपासून काढलेलं चोया नख मिळतं, पण शिंपला ही वनस्पती नव्हे. नवशिक्याने पहिल्या वर्षी उलट्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वासाची वही

प्रवासात एक छोटी वही ठेवा. जागा, वेळ, हवा ओली की कोरडी आणि वास कशासारखा, एवढं लिहा. “छान”, “मस्त” असले शब्द वहीत नकोत. माझ्या वहीतली एक नोंद देते: “आंबोली, सकाळी साडेसात, पाऊस थांबलाय. झाडाचं खोड. ओलं गोणपाट, जुना लाकडी पाट, शेवटी गोडा मसाला.” या तिसऱ्या शब्दाने मला पुढे वाट दाखवली, ते सांगतेच.

नाक लवकर थकतं. पाच-सहा वासांनंतर थांबा आणि आपल्याच बाहीत किंवा कोपराच्या खळग्यात नाक खुपसून दोन श्वास घ्या. अत्तराच्या दुकानात कॉफीच्या बिया पुढे करतात, पण तो आणखी एक वासच झाला. रिकामी हवा जास्त कामाची.

नमुने आणायचे तर काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात आणा. प्लास्टिक स्वतःचा वास देतं आणि फुलाचा पितं. आणि राखीव जंगलातून काहीही तोडू नका, खोडावरचं शेवाळ तर मुळीच नाही. त्याला वाढायला वर्षं लागतात. बाजारात मिळेल तेवढ्यात आपलं भागतं.

हेही आधीच माहीत असू द्या, की एका फेरीत सगळं मिळत नाही. सुरंगी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, जोतिबाचा दवणा चैत्रात, माणदेशातला मातीचा वास वळवाच्या पहिल्या सरीला आणि आंबोली श्रावणात. माझी वही भरायला दीड वर्ष लागलं.

कोणता वास मिळतो, कोणता नाही

आता वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे लिहा: तेल मिळतं, घरी मुरवता येतं, की दोन्ही नाही.

वेंगुर्ल्याच्या बागेतला लिंबाचा आणि पोफळीवर चढलेल्या मिरीवेलाचा वास सोपा आहे, दोन्हींची तेलं सहज मिळतात. तिरफळाचा मात्र नाही. बांगड्याच्या आमटीतला तो संत्र्याच्या सालीसारखा झटका मला फार हवा होता. चांगलं तेल सापडलं नाही, सोडून दिला. आजऱ्याला दुपारी एका घरी घनसाळ तांदूळ शिजत होता, तोही वास वहीत आहे. त्यामागे जो रेणू आहे, २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलिन, तोच बासमतीतही असतो, पण तो फार नाजूक आहे आणि घरच्या साधनांनी बाटलीत टिकत नाही. तोही सोडला. अशी काटछाट करताना जीव तुटतो, पण करावी लागते. रस्त्यातल्या चार-पाच जागा स्पष्ट आल्या तरी पुष्कळ.

सुरंगीसाठी थोडं थांबते, कारण या बाटलीचा जीव तीच आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचं हे झाड. फुलं थेट फांद्यांना चिकटून येतात, पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या केसरांचा गुच्छ. वेंगुर्ले, सावंतवाडी भागात भल्या पहाटे कळ्या काढतात, कारण ऊन वर आलं की त्या उमलून जातात. वेंगुर्ल्याच्या बाजारात गजरे विकणाऱ्या मावशींना मी विचारलं होतं, पुण्यापर्यंत टिकेल का? त्या म्हणाल्या, “सुकली तरी वास जावचो नाय.” खरंच गेला नाही. वहीच्या पानात राहिलेला वळेसर (गजरा) सहा महिन्यांनी तपकिरी झाला होता, पण पान उघडलं की मध, केशर आणि थोडी हळद असा वास यायचा. बकुळीचंही तसंच. सुकल्यावर वास राखणारी ही दोन फुलं घरी मुरवायला उत्तम. मोगरा, जाई, सोनचाफा सुकले की संपले, त्यांना वेगळी रीत लागते.

आंबोलीच्या खोडाचा वास? वहीतला गोडा मसाला आठवा. दगडफूल! झाडाच्या सालीवर आणि खडकावर वाढणारं ते दगडफूल, ज्याशिवाय आपला गोडा मसाला होत नाही. उत्तरेत त्याला छरीला म्हणतात आणि शमामा या मसाले आणि वनौषधींच्या मिश्र अत्तरात ते शतकानुशतकं पडत आलंय. घाटातल्या ओल्या झाडाचा वास आपल्या मसाल्याच्या डब्यातच होता.

जोतिबाला गुलालाबरोबर दवणा वाहतात. दवण्याचं तेल मिळतं, दाट, फळासारखं गोड आणि किंचित कडवट. पठारावरच्या सुकल्या गवतासाठी मी रोशा गवताचं तेल घेते, काहीजण त्याला तिखाडी म्हणतात. खानदेश-निमाडचं हे तेल एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानापर्यंत जायचं आणि तिथे गुलाबाच्या तेलात भेसळीला वापरलं जायचं, इतकं ते गुलाबाजवळ जातं.

आणि शेवटी माती. कनौजला भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर तापवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि तिथल्या चंदनतेलात वास धरला जातो. हेच मिट्टी अत्तर. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं, तेव्हा त्यांच्या शोधनिबंधात भारतातल्या या अत्तराचा उल्लेख होता. माती वनस्पती नाही, हे मान्य. पण दहिवडीच्या रस्त्यावर वळवाची सर आली तेव्हा आम्ही गाडी थांबवून खाली उतरलो होतो. तो क्षण वगळून हे अत्तर पुरं होणार नाही.

खरेदी करताना

लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला आणि बॅच क्रमांक हवा. “फ्रेग्रन्स ऑइल” लिहिलेलं बहुधा कृत्रिम असतं. कृत्रिम म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही, पण आपल्या बेताला ते चालत नाही. एका विक्रेत्याकडून मी “शुद्ध सुरंगी तेल” म्हणून बाटली मागवली होती. उघडली तर स्वस्त मोगऱ्याचा वास. बॅचचा तपासणी अहवाल मागितल्यावर उत्तर आलंच नाही. तेव्हापासून अहवाल आधी, पैसे नंतर.

किंमतही खूप काही सांगते. एक किलो गुलाबतेलाला तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात, मग शंभर रुपयांच्या बाटलीत गुलाब कुठून येईल? चंदनाचंही तेच. सगळं दोन-तीन ग्रॅमच घ्या. वाळा मात्र पाच ग्रॅम घ्या, तो पुढेही लागतो. चंदन परवडत नसेल तर वगळा. मिट्टी अत्तर चांगलं असेल तर त्यात ते असतंच.

अत्तराचा पाया, म्हणजे बाकीची तेलं ज्यात मिसळायची ते तेल, म्हणून सुरुवातीला जोजोबा घ्या. तो खवट होत नाही आणि त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, मग हिवाळ्यात रोल-ऑनची गोळी अडकून बसते. अल्कोहोलमध्ये अत्तर जास्त फुलतं हे खरं, पण इथाइल अल्कोहोल राज्य उत्पादन शुल्काच्या नियमांखाली येतं आणि सहजी मिळत नाही. त्याऐवजी सॅनिटायझर किंवा सर्जिकल स्पिरिट वापरायचा मोह मुळीच नको.

०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा विकत घ्याच. थेंब मोजून भागत नाही. वाळ्याचा थेंब जाड आणि लिंबाचा बारीक पडतो, आणि पुढच्या वेळी तीच बाटली पुन्हा जमत नाही.

घरी मुरवायची दोन तेलं

सुरंगीच्या सुक्या कळ्या ५ ग्रॅम घ्या. हाताला जरासाही दमटपणा लागला तर दिवसभर सावलीत पसरा. तेलात पाणी गेलं की बुरशी येते. कळ्या हलक्या चुरडून कोरड्या बरणीत घाला, वर ४० ग्रॅम जोजोबा. झाकण लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा, रोज एकदा हलवा. दहा दिवसांनी मलमलीतून गाळा, त्याच तेलात नव्या ५ ग्रॅम कळ्या घाला. असं तीनदा करा. पहिल्या खेपेला वास फिकाच वाटेल, हिरमुसू नका. तिसऱ्या गाळणीला तेल फिकट सोनेरी होतं आणि बोटावर घासलं की मध येतो. सुरंगी मिळाली नाही तर बकुळ वापरा.

दगडफुलाला उष्णता लागते. १० ग्रॅम निवडून घ्या, सालीचे तुकडे आणि माती फार असते. कोरड्या तव्यावर मंद आचेवर अर्धा मिनिट परता. मसाल्याला परततो तसं खरपूस नको, नाहीतर आंबोलीऐवजी स्वयंपाकघर येईल. वास उठला की ६० ग्रॅम जोजोबात घाला, भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून दोन तास कोमट राखा, तेल उकळू देऊ नका. गार झालं की गाळा. हे फार थोडं वापरायचंय, कारण अशा खोडावरच्या अर्कांची काहींच्या त्वचेला अ‍ॅलर्जी होते.

ताजा सोनचाफा हाती असेल तर आपल्याकडची जुनी रीत करून बघा. जौनपूर, गाझीपूरकडे तिळाच्या थरांत चमेलीची फुलं घालतात, रोज बदलतात आणि मग ते तीळ घाण्यात घालतात. घरी ताटलीत गोठलेलं खोबरेल पसरून त्यावर पाकळ्या ठेवता येतात, चोवीस तासांनी नव्या. थंडीतच जमतं. या बाटलीसाठी मी सोनचाफ्याचा तयार अर्क घेतला.

जुळणी

आधी कागदावर बघा. जाड कागदाच्या बोटभर पट्ट्या कापा, प्रत्येक तेलाचं टोक बुडवा, नाव लिहा. दोन-तीन पट्ट्या पंख्यासारख्या धरून नाकाखालून फिरवा. वाळा आणि दगडफूल एकत्र, मग त्यात दवणा. कोण कोणाला खाऊन टाकतंय ते इथेच कळतं, तेलही वाया जात नाही.

दवणा इतका जबर आहे की त्याचं १० टक्के द्रावण करून ठेवा, १ ग्रॅम दवणा आणि ९ ग्रॅम जोजोबा.

१० ग्रॅमच्या बाटलीचं माझं सध्याचं माप असं:

पाया: सुरंगीचं तेल ४ ग्रॅम, दगडफुलाचं ०.५०, साधा जोजोबा ३.७३.
शेवट, म्हणजे माणदेश: वाळा ०.३०, मिट्टी अत्तर ०.३०, चंदन ०.२५, नागरमोथा ०.१०.
मध्य: रोशा ०.१२, सोनचाफा ०.१०, दवण्याचं द्रावण ०.३० (शुद्ध दवणा ०.०३ झाला, उरलेला ०.२७ जोजोबाच आहे, म्हणून वर तेवढा कमी घेतला).
सुरुवात, वेंगुर्ले: लिंबू ०.२०, मिरी ०.१०.

बाटली काट्यावर ठेवा, काटा शून्य करा आणि जडपासून हलक्याकडे घालत जा. वाळा आधी, लिंबू सगळ्यात शेवटी. प्रत्येक तेलानंतर आकडा लिहा. मनात ठेवू म्हटलं की विसरतो, आणि एखादा चुकून जास्त पडलेला थेंबच नंतर सर्वांत आवडतो. जास्त पडलं तर जे पडलं तेच लिहा.

लिंबाचं तेल ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफेने काढलेलं घ्या. साल दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते, डाग राहतात. लवंग आणि दालचिनीच्या सालीचं तेल कोकणाच्या नावाखाली घालावंसं वाटेल, पण दोन्ही त्वचेला जाळतात. पहिल्या बाटलीत नकोच.

मुरू द्या, मग लावा

पहिल्या दिवशी हा वास तुम्हाला आवडणार नाही. मिरी वेगळी टोचते, नागरमोथा धुरकट लागतो. गडद काचेच्या बाटलीत, कपाटात, तीन आठवडे ठेवा. पहिल्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी कागदावर एक ठिपका घेऊन वहीत लिहा.

अंगावर पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका आणि दोन दिवस वाट. खाज, लाली आली तर ती बाटली रुमालासाठी ठेवा. लहान मुलं, गरोदर बाई किंवा दम्याचं माणूस घरात असेल तर त्यांच्यावर प्रयोग नको.

बिघडलं तर सहसा तीन प्रकारांनी बिघडतं. औषधी वास आला तर नागरमोथा किंवा दवणा जास्त झालाय, त्यांना अर्ध्यावर आणा. सगळं सपाट, कुठलीच जागा ओळखू येत नाही, तर तेलं जास्त झाली आहेत, दोन काढून टाका, वाढवू नका. वास तासाभरात गायब झाला तर वाळा ०.०५ ग्रॅमने वाढवा. एका वेळी एकच बदल, आणि नवी बाटली नव्या लेबलवर. जुनीत भर घालत राहिलात तर परत कधीच कळणार नाही काय जमलं ते.

मित्रमैत्रिणींना द्यायला हरकत नाही, साहित्याची यादी मात्र लेबलवर लिहा. विकायचा विचार असेल तर ते सौंदर्यप्रसाधन ठरतं. २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो, तो महाराष्ट्रात एफडीएकडून, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यायचा. परवान्याआधी ऑनलाइन दुकान उघडू नका.

माझ्या सहाव्या बाटलीत पहिल्यांदा दहिवडीचा रस्ता आला. सकाळी लावलं होतं. लिंबू आणि मिरी चहाआधीच उडून गेले, दुपारपर्यंत सुरंगी होती. संध्याकाळी भांडी विसळताना ओल्या मनगटातून अचानक तो वास उठला, तापलेल्या ढेकळांवर पडलेल्या पाण्याचा. बहुधा मनगट ओलं झाल्यानेच. तेव्हापासून चाचणीच्या दिवशी मी संध्याकाळी मनगटावर पाण्याचे दोन थेंब शिंपडून पुन्हा एकदा वास घेते, आणि वहीत त्यासाठी एक वेगळा रकाना आखलाय.